पोस्टमन हवेत आहे

“दोन मिनिटं हं,” असं पोस्टमनला सांगून मंजुषाने शुक्रवारी दुपारी फोन घेतला, आणि पोस्टमन हवेतच राहिला.

हा पोस्टमन टीव्हीच्या पडद्यावरचा. बोटभर उंचीचा, पिवळ्या डगल्याचा, पाठीवर पोतडी घेतलेला. खाली खड्डा, समोर खालीवर होणारी फळी, आणि या दोन्हींच्या मधोमध त्याने उडी घेतलेली असताना मंजुषाने गेम थांबवला होता. फोन मीनाताईंचा होता. मीनाताई म्हणजे कोलकात्यातल्या मराठी मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्ष. त्यांचा फोन उचलला नाही तर त्या जिना चढून येतात.

“मंजुषा, हॉलवाल्यांनी ऐन वेळी घोळ घातलाय गं. उद्याचं हळदीकुंकू तुझ्याकडे ठेवूया का? सॉल्ट लेकमध्ये तुमच्याएवढी मोठी बैठकीची खोली आपल्यात कुणाची नाहीये.”

मीनाताईंच्या वाक्यात ‘का’ असला तरी तो प्रश्न नसतो. मंजुषा हो म्हणाली. फोन ठेवेपर्यंत उन्हं कलली होती, तीळ भाजायचे होते, सतरंज्या झटकायच्या होत्या, आणि शांतपणे बसून गेम संपवावा अशी जागा त्या दिवसात कुठे उरलेली नव्हती.

आता कुणी म्हणेल, मग बंद करावा आणि नंतर पुढे खेळावा. असं म्हणणारा माणूस हमखास दोन हजार सालानंतर जन्मलेला असतो. मंजुषाच्या मशीनला ‘नंतर’ हा प्रकार ठाऊक नव्हता. बटण बंद केलं की त्याच्या लेखी काही घडलेलंच नसे. पोस्टमन पुन्हा पहिल्या गावात, पहिल्या खड्ड्यापाशी उभा. आणि आत्ता तो शेवटच्या गावात होता, शेवटच्या जिवावर.

हे मशीन ज्या खोक्यातून निघालं ते खोकं भोपाळ, विशाखापट्टण आणि कोची अशा बदल्या करत, एकदाही न उघडता कोलकात्याला पोचलं होतं. बदलीच्या नोकरीतल्या प्रत्येक घरात असं एक खोकं असतं. मंजुषाचा नवरा सलील खिदिरपूरला कस्टम्समध्ये. दिवसभर जगाची खोकी उघडून बघणारा हा माणूस घरातलं ते एक खोकं मात्र “मंजूचं आहे” एवढं म्हणून दर वेळी माळ्यावर चढवत आला होता.

ते खाली उतरलं ते दिगूदादाच्या फोनमुळे. दिगंबर हा मंजुषाचा थोरला भाऊ, नागपूरला असतो. ऑफिसच्या कामाने रविवारी कोलकात्याला येतोय, दोन दिवस राहीन म्हणाला, आणि मग एकदम विचारलं, “ते खोकं आहे का गं अजून?”

“आहे की.”

“उघडू नकोस. जुने गेम पुन्हा खेळू नयेत, मंजे. आठवणीत ते मोठे असतात. मी मागे मोबाईलवर एक खेळून पाहिला. सगळे नुसते चौकोन! इतका वेळ आपण ह्याच्यासाठी जेवायला उठायचो नाही? मला तर वाईटच वाटलं.”

“तू लहानपणी खेळलास, म्हणून तुला वाईट वाटलं,” मंजुषा म्हणाली. “मला खेळायला कधी मिळालंय?”

यावर दिगूदादा हसला, कारण ते खरं होतं. गेम दोघांचा होता, पण एका वेळी एकानेच खेळायचा. पहिल्याचा निळा पोस्टमन, दुसऱ्याचा पिवळा. निळा मेला की पिवळ्याचा चान्स. दिगूदादा थोरला म्हणून निळा त्याचा, आणि दिगूदादाचा निळा मरतच नसे. मंजुषा शेजारी मांडी घालून बसायची, ‘आता मरेल, मग मरेल’ अशी वाट बघत. अखेर कधीतरी तो मरायचा, मंजुषा सरसावून बसायची, आणि आई येऊन म्हणायची, “बास आता, डोळे फुटतील.” टीव्ही बंद. पिवळा पोस्टमन पहिल्या गावाच्या पुढे फारसा गेलाच नाही.

शेवट फक्त दिगूदादाने पाहिला होता. मंजुषा शाळेच्या सहलीला गेली होती, नेमकी त्याच दिवशी. ती घरी आल्यावर त्याने तिला साग्रसंगीत सांगितलं होतं: पोस्टमन मनोऱ्यावर चढतो, घंटेची दोरी ओढतो, आणि मग आकाशभर आतषबाजी होते. राणी येते, पोस्टमनच्या गळ्यात हार घालते, सगळं गाव नाचतं. हा शेवट तिने पुढे त्याच्याकडून इतक्यांदा ऐकला, की डोळे मिटले की दिसायचा. फक्त डोळे उघडे ठेवून पाहायचा राहिला होता.

“तू हावड्याला उतरायच्या आत मी ती घंटा वाजवणार,” तिने फोनवर सांगितलं.

“तू? पहिल्या खड्ड्यात जाशील, मंजे.”

पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला असं बोलायचं नसतं. खोकं त्याच संध्याकाळी उघडलं. मंजुषाने कॅसेटमध्ये फुंकर मारली, दोन खेळाडूंचा पर्याय निवडला, निळ्या पोस्टमनला पहिल्याच खड्ड्यात अलगद सोडून दिलं आणि स्वतःचा चान्स सुरू केला. आठवडाभर दुपारच्या दुपार ती खेळली. डाव्या अंगठ्याला फोड आला, त्यावर पट्टी लावून खेळली. आणि आता पोस्टमन मनोऱ्यापासून थोड्याच उड्यांवर होता. हवेत.

शुक्रवारी संध्याकाळी पहिला खटका उडाला तो सासूबाईंशी. श्यामलाबाई त्यांच्या मालिकेच्या वेळेला चष्मा पुसून खुर्चीत येऊन बसल्या.

“लाव गं.”

“आई, आज नाही लावता येणार. पोस्टमन हवेत आहे.”

“मग त्याला उतरव.”

“उतरवला तर मरेल. आणि वायर बदलायची तर मशीन हलणार, मशीन हललं की कॅसेट हलणार, आणि कॅसेट केसभर हलली तरी सगळं गोठतं.”

श्यामलाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग पोस्टमनकडे पाहिलं. “माझ्या मालिकेतली सून आज घर सोडून चालली होती,” त्या म्हणाल्या, “मी बघणार होते ती जाते का ते.” आणि शाल गुंडाळून खालच्या मजल्यावर सेनगुप्ता मासीमांकडे गेल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा त्यांना आपल्या मालिकेतल्या सुनेचं काहीच कळलेलं नव्हतं, पण मासीमांच्या बंगाली मालिकेतल्या एका बाईने दुसरीच्या माछेर झोलमध्ये, म्हणजे माशाच्या रश्शात, काहीतरी कालवलं होतं, त्याची काळजी त्यांना लागली होती.

सेक्टर फाईव्हमधल्या आयटी ऑफिसातून मुलगी नूपुर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ज्या आवाजात ऑफिसात क्लायंटला समजावते त्या आवाजात म्हणाली, “आई, हाच गेम तुला मी मोबाईलवर टाकून देते ना. कुठे पण सेव्ह होतो. मेला तर लगेच तिथूनच परत. टेन्शनच नाही.”

“टेन्शन नाही तर मग उडी कशाला मारायची?” मंजुषाने पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघत विचारलं. “रस्त्याने सरळ चालत जावं की.”

“पण तू बघ ना, किती घटिया कंट्रोल आहेत. पोस्टमन बटण दाबल्यानंतर विचार करून उडतो.”

“मीपण तशीच उडते.”

नूपुरने हात टेकले, पण आईचीच मुलगी. तिने टीव्हीखालच्या सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली, आणि त्यावर आपल्या वळणाच्या मराठीत लिहिलं, ‘हाथ नाय लावायचा.’

ती पट्टी मुख्यतः सलीलसाठी होती. सलील खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतो, घरातून बाहेर पडताना मेन स्विच बंद करतो, आणि लोकांच्या घरून निघतानाही त्याचा हात त्यांच्या बटणांकडे जातो. त्याने पट्टी वाचली, मग मशीनच्या अडॅप्टरवर बोट ठेवलं आणि झटकन काढलं.

“अगं, हे तापलंय! रात्रभर चालू ठेवलंस तर पेट घेईल.”

मग अडॅप्टरला वारा घालायला टेबलफॅन आला. जानेवारीत, घरात सगळे स्वेटर घालून वावरत असताना, बैठकीच्या खोलीत त्या अडॅप्टरला मात्र तीन नंबरचा वारा सुरू झाला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मंजुषाला खेळता आलं असतं. अंगठा दुखतोय म्हणाली. शनिवारी सकाळीही आलं असतं. हात गुळाने चिकट आहेत म्हणाली. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. एक जीव शिल्लक होता, आणि तो गेला की पुन्हा एवढ्या लांब येणं होणार नाही, हे तिला तिच्या अंगठ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पोस्टमन हवेत होता तोवर तो निदान पडलेला नव्हता.

शनिवारी चार वाजता बायका यायला लागल्या. काठापदराच्या साड्या, वर शाली, दोघीतिघींना ड्रायव्हरने घर चुकवलेलं. खोलीत शिरल्या शिरल्या प्रत्येकीची नजर टीव्हीकडे जायची. पडद्यावर न हलणारा पिवळा माणूस, समोर वारा घेणारा काळा डबा, आणि चिकटपट्ट्या.

“काही बिघडलंय का हो?” एकीने विचारलं.

“नेटवाल्याचं काम चाललंय,” श्यामलाबाई घाईघाईने म्हणाल्या. घराण्याची अब्रू होती.

मीनाताई आल्या, त्यांच्या नव्या दुधी रंगाच्या शालीसकट. अध्यक्षांना साजेशी म्हणून त्यांनी नेमकी मधली खुर्ची घेतली. ती पंख्याच्या वाऱ्यात होती. “बाई, थंडी किती तुमच्याकडे,” असं म्हणत त्यांनी पंखा बंद करायला हात पुढे केला.

“नको!” मंजुषा, नूपुर आणि श्यामलाबाई एकदम ओरडल्या. मीनाताईंनी हात मागे घेतला. पण तेवढ्यात मंजुषाने त्यांना पहिलं हळदीकुंकू लावायचं म्हणून करंड्याचं झाकण उघडलं होतं.

तीन नंबरच्या वाऱ्याने आपलं काम केलं. क्षणभर खोलीत लाल ढग तरंगला आणि मग अख्खा करंडा मीनाताईंच्या शालीवर, चष्म्यावर आणि अध्यक्षीय केसांवर उतरला. मंडळाच्या इतिहासात इतकं सढळ हाताने कुंकू कुणाला लागलं नसेल.

मीनाताईंनी चष्मा काढला, फुंकला, पुन्हा घातला. “मंजुषा,” त्या म्हणाल्या, “मला खरं सांग. हे काय आहे?”

मंजुषाने खरं सांगितलं. दादाचा निळा, तिचा पिवळा, शेवटचा जीव, रविवार. सांगताना तिलाच ते इतकं येडपट वाटायला लागलं, की शेवटी तिने तिळगुळाचं ताट पुढे करून टाकलं.

मीनाताईंनी वडी तोंडात टाकली. इथल्या खजुराच्या गुळाची होती, विरघळायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, “माझ्या भावाने, सुधाकरने, मला सायकलसुद्धा अशीच दिली नाही. मी पडेन म्हणायचा. आणि स्वतः उतरायचा नाही.”

यानंतर हळदीकुंकू बाजूलाच राहिलं. जिला भाऊ होता तिला काही ना काही आठवलं. एकीच्या घरी मशीन होतं पण कॅसेट शेजारच्यांकडे, त्यामुळे दोन्ही घरांची भांडणं मे महिन्याच्या सुट्टीत मिटायची. फुंकर मारल्याने कॅसेट खरंच चालते की नाही यावर दोन तट पडले. “पुन्हा खेळण्यात काय मजा? सगळं माहीतच असतं,” असं सानिका नावाच्या तरुण मुलीने म्हटलं, तेव्हा मीनाताई तिच्यावर उखडल्या. “माहीत असतं म्हणूनच तर! नवीन गोष्टीत पडायला होतं ते अज्ञान. माहीत असलेल्या खड्ड्यात पुन्हा पडायला होतं, तो स्वभाव.”

जाताना मीनाताईंनी शालीवरचंच कुंकू चिमटीत घेतलं आणि “यशस्वी हो रे बाबा” म्हणत मशीनला बोट लावलं. पडदा थरथरला. वर रंगीत चौकोनांची एक रांग उमटली. मंजुषाच्या हातातला रिकामा करंडा खाली पडला. चौकोन थोडे रेंगाळले, आणि जसे आले तसे गेले. पोस्टमन हवेतच होता.

रविवारी सकाळी सलील आणि नूपुर दिगूमामाला आणायला हावड्याला निघाले. “चार वर्षांनी भाऊ येतोय आणि तू स्टेशनवर येत नाहीस?” सलीलने बूट घालता घालता विचारलं.

“त्याला कळेल.”

“काय सांगू त्याला?”

“सांग, शेवटच्या गावात आहे.”

सलीलने मान हलवली, दार उघडलं, आणि विचारात असल्यामुळे त्याचा हात सवयीने मेन स्विचकडे गेला. नूपुरने तो वरच्या वर धरला, आणि धरूनच त्याला जिन्याने खाली नेलं.

घरात दोघीच उरल्या. श्यामलाबाई मटाराची परात घेऊन खुर्चीत बसल्या. मंजुषा जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, पडद्याच्या फार जवळ. अंगठ्यावरची पट्टी काढली.

“कधीतरी सोडायलाच हवा त्याला,” श्यामलाबाई म्हणाल्या.

मंजुषाने बटण दाबलं. दोन दिवस थबकलेला पोस्टमन खाली आला आणि फळीवर पडला. फळी वर गेली. पुढे चोच उगारून येणारं बदक होतं.

“खाली बघ! खाली बघ!” मागून आवाज आला. मटाराच्या शेंगा परातीबाहेर उडाल्या. “आता उडी! अगं मेलं ते काटेरी!”

“आई, बोलू नका!”

“मी कुठे बोलतेय? मार उडी!”

काटेरी चाकं गेली, पडणाऱ्या विटा गेल्या, एका ठिकाणी पोस्टमनचा अर्धा पाय हवेत आणि अर्धा काठावर असा तो लोंबकळला, आणि श्यामलाबाईंनी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. मग मनोरा आला. मंजुषाने शेवटची उडी मारली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. कानांवर आवाज आला.

टण्.

तिने डोळे उघडले. पोस्टमन घंटेखाली उभा होता. मनोऱ्याचं दार उघडलं, आतून एक हात आला, त्याने पत्र घेतलं, आणि दार बंद झालं. पडदा काळा झाला. मग पुन्हा पहिलं गाव दिसायला लागलं, पहिल्या खड्ड्यासकट.

श्यामलाबाई परात बाजूला ठेवून पडद्याकडे वाकल्या.

“एवढंच?” श्यामलाबाई म्हणाल्या. “पाणीसुद्धा विचारलं नाही गं त्याला.”

मंजुषाला आधी हसू आलं, आणि मग येता येता थांबलं. आतषबाजी नव्हती. राणी नव्हती. म्हणजे दिगूदादाने घंटा कधी वाजवलीच नव्हती. त्याचाही टीव्ही आईने बंद केला असणार, मनोऱ्याच्या अलीकडेच कुठेतरी. आणि सहलीहून आलेल्या बहिणीला त्याने उभ्या उभ्या राणी दिली, हार दिला, गाव नाचवलं. पुढे तिने तो शेवट मागितला तेव्हा तेव्हा पुन्हा दिला. चान्स तेवढा दिला नाही.

“मला फसवलं त्याने, आई,” ती म्हणाली. “इतकी वर्षं! येऊ दे त्याला.”

गाडी वेळेवर होती. दिगूदादा जिना चढून आला, माकडटोपी घातलेला, गुडघ्यावर हात ठेवून. टीव्हीवर पहिलं गाव पाहिल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. “गेलीस ना पहिल्या खड्ड्यात?”

“घंटा वाजवली,” मंजुषा म्हणाली. “शेवट पाहिला मी.”

दिगूदादा बूट काढायला खाली बसला. बुटाची नाडी त्याने सोडली, मग पुन्हा बांधली, मग पुन्हा सोडली. “अस्सं,” तो बुटाकडे बघत म्हणाला. “मग? काय काय होतं शेवटी?”

टोपी काढल्यामुळे त्याचे उरलेले केस उभे राहिले होते. मंजुषाने सकाळपासून घोळवलेलं वाक्य जिभेवर आणलं. त्याच्या उभ्या केसांकडे पाहिलं.

“आतषबाजी,” ती म्हणाली. “आकाशभर.”

दिगूदादाने मान वर केली. “आतषबाजी? खरंच होती?”

“म्हणजे काय! तूच तर सांगितलं होतंस.”

“हो, हो. मीच. सांगितलं होतं ना मी.” त्याच्या हातात एक बूट तसाच राहिला. “आणि राणी?”

“राणी आली, हार घातला, गाव नाचलं. पण दादा, तू हत्तीचं सांगायला विसरलास.”

“हत्ती?”

“अंबारीसकट,” खुर्चीतून श्यामलाबाई म्हणाल्या. “मी स्वतः पाहिला.”

दिगूदादाने बहिणीच्या सासूबाईंकडे पाहिलं. नागपुरात त्याचा दरारा होता, तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखतो म्हणत. पण श्यामलाबाई मटार सोलत होत्या, आणि मटार सोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा कुणालाच वाचता येत नाही. विचारायची सोय नव्हती. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

“पोहे टाकते,” मंजुषा म्हणाली. “आंघोळ करून घे.”

“करतो की,” असं म्हणत तो जमिनीवर बसला, गुडघे कुरकुरले तरी, आणि त्याने निळ्याचा रिमोट हातात घेतला. सलीलने दुपारच्या मॅचविषयी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नूपुरने चिकटपट्टीकडे बोट दाखवलं. मंजुषा पोह्यांना पाणी लावून परत आली, तोवर निळा पोस्टमन पहिल्या खड्ड्यात दोनदा जाऊन आला होता, आणि दिगूदादा पडद्याच्या इतका जवळ सरकला होता, की त्याच्या आईने बघितलं असतं तर ती ओरडली असती.

“मावशी,” त्याने मान न वळवता श्यामलाबाईंना विचारलं, “हत्ती कुठल्या बाजूने येतो म्हणालात?”

“डावीकडून,” श्यामलाबाईंनी पुढची शेंग सोलली. “पण नीट लक्ष ठेव हो. झटकन निघून जातो.”